उजवा कप्पा भरलेल्या बॅटऱ्यांचा

ही वही कोणाच्या हाती पडली तर आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही जमलं नाही आणि आता या वयात कोण शिकवणार? अक्षर असं की किराणाची यादी लिहून दिली तर दुकानदार ती मलाच वाचून दाखवायला लावतो. सुईची सवय झालेली बोटं पेन फार दाबून धरतात, त्यामुळे मागच्या पानावरही ठसे उठले आहेत. तेवढं सांभाळून घ्यावं.

बोलून सांगणं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते आहे. या उन्हाळ्यात लेक मोबाईल ओट्यावर उन्हात विसरली आणि मी ओरडले. चांगली मोठ्यानं ओरडले. घरातले सगळे कामं टाकून माझ्याकडे बघायला लागले, कारण मी ओरडते हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. लेकीनं फोन आत आणला, हसली, आणि विषय संपला. माझा मात्र संपला नाही. तेव्हापासून बाईंची बॅग डोळ्यांसमोरून हलत नाही.

बाई नागपूरहून यायच्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, पायात बूट. त्यांचं कामच आवाज गोळा करण्याचं. कोणाला सिनेमासाठी पावसाचा आवाज लागायचा, कोणाला पक्ष्यांचा. तो पोटापाण्याचा भाग झाला. उरलेल्या दिवसांत त्या आपल्या हौसेनं आमच्याकडच्या कामांचे आवाज भरून ठेवायच्या. पायानं दाबायच्या ढेकीवर धान कांडतानाचा, बांबू चिरतानाचा, आठवडी बाजारात भाव करतानाचा. चामोर्शीला त्यांनी एक खोली घेतली होती, आणि फिरायला माझ्या यजमानांची जीप लावली होती. गावोगावी लोक त्यांना आवाजवाल्या बाई म्हणत. आता त्या येत नाहीत. खांद्याचं ऑपरेशन झालं, नागपुरातच असतात, दिवाळीला फोन करतात. फोनवर मी नुसती हो-हो करते, आणि त्यांना ते पुरतं.

खांदा तेव्हाच दुखायला लागला होता. यजमानांना त्या म्हणाल्या, "बॅग उचलायला कोणी माणूस बघा. बाई असली तर बरं. एकच अट, बोलणारी नको. माझ्या कामात कोणी मधेच बोललं की सगळं वाया जातं."

यजमान म्हणाले, "अशी बाई त माह्याच घरी हाय. लग्नाले बारा वर्सं झाली, अजून तिचा आवाज मले पुरा आयकू आला नाई."

अशी मी कामाला लागले. ज्या गोष्टीवरून जन्मभर बोलणी खाल्ली, तिचेच रोजाचे पैसे मिळणार होते. सासूबाईंना ते पटेना. "ब्याग उचलाचे पैसे? म्या जनमभर धानाचे भारे उचलले, मले कोणी रुपया देल्ला काय?" असं त्या आठ दिवस म्हणत होत्या.

पहिल्या दिवशी बाईंनी बॅग आमच्या ओट्यावर उघडली तेव्हा मला ती भरलेल्या मसाल्याच्या डब्यासारखी वाटली. दिसायला पोत्याएवढी नाही, शाळेच्या दप्तराहून थोडी मोठी. वरून उघडायची. चालताना ती पोटाशी येईल अशी दोन्ही खांद्यांवरून पट्ट्यांनी बांधायची. मधोमध रेकॉर्डर, त्याचा काचेचा भाग वर, म्हणजे मान खाली घातली की आकडे दिसतात. त्याच्या एका बाजूला माईकच्या वायरी आत येतात, दुसऱ्या बाजूनं हेडफोनची वायर बाहेर जाते. पुढच्या खिशात बिनवायरच्या माईकच्या, काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या दोन डब्या, बोलणाऱ्याच्या कमरेला लावायच्या. त्यांना लागणारे पेन्सिल सेल मागच्या खिशात. आणि सगळ्यात जड म्हणजे मोठ्या बॅटऱ्या. चार होत्या. चपट्या, काळ्या, साबणाच्या वडीएवढ्या. त्यांच्याशिवाय ती सगळी बॅग म्हणजे नुसतं ओझं.

बाई हुशार होत्या, पण बॅगेच्या बाबतीत अगदी गबाळ्या. भरलेली बॅटरी आणि संपलेली बॅटरी एकाच कप्प्यात टाकायच्या. मग ऐन वेळी एक लावायची, ती रिकामी. दुसरी लावायची, तीही रिकामी. तोवर बैलगाडी पुढं निघून गेलेली. मी तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी रात्रीची भांडी झाल्यावर बॅग मागून घेतली आणि जुनी गोधडी उसवून तिच्या कापडाचे आतून कप्पे शिवले. उजवा कप्पा भरलेल्या बॅटऱ्यांचा, डावा संपलेल्यांचा. उजव्या हातानं आपण जेवतो, तर तो भरलेला, एवढा साधा हिशेब. उजव्यातून काढायची, लावायची, उतरवलेली डाव्यात टाकायची. डोळे मिटूनही चुकणार नाही.

बॅगेच्या खिशांना ती दातेरी चिकटपट्टी होती, उघडताना खर्रर्र वाजणारी. ती मी सगळी काढून टाकली आणि झबल्याला लावतो तसे बंद लावले. गोधडीचं कापड धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की त्याला आवाज नसतो. बाईंनी बॅग हलवून पाहिली, कानाशी धरली, पुन्हा हलवली.

"अगं, ही मुकी झाली!" त्या म्हणाल्या. "तिच्या नव्या मालकिणीसारखी."

मी खाली बघून हसले. त्या दिवसापासून बॅग भरायचं काम माझं झालं. सकाळी ओट्यावर चटई टाकून एकेक वस्तू ओळीनं मांडायची, पुसायची, आणि ठरलेल्या क्रमानं आत ठेवायची. वायर मी आधी दोरासारखी हात ते कोपर अशी गुंडाळायचे. बाईंनी हात धरून थांबवलं. तशानं वायरीला आतून पीळ बसतो आणि ती मरते. एक वेढा सुलटा, एक उलटा, असं गुंडाळायचं, म्हणजे फेकली की सरळ उलगडते. ते शिकायला मला दोन दिवस लागले, आणि आता घरातली विहिरीची दोरीसुद्धा मी तशीच गुंडाळते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत ठेवतो तशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी बॅगेच्या तळाशी ठेवायची, हे माझं. त्यावर बाई आधी हसल्या, मग कोणा ओळखीच्यांना फोनवर सांगताना मी ऐकलं, "तुम्हीही ठेवा." माईकवर वाऱ्यासाठी केसाळ टोपी असायची, अस्वलाच्या पिलासारखी. तिला काटे, कुसळं चिकटायची. मी जुन्या फणीनं ती विंचरायचे. लेक म्हणायची, आई माझी वेणी घालत नाही एवढ्या मायेनं.

हातातल्या बांगड्यांचा प्रश्न होता. काचेच्या बांगड्या किणकिणतात, आणि काढून ठेवणं मला शक्य नव्हतं. मग त्या कोपराकडे सरकवून वरून कापडाची पट्टी गुंडाळायचे. बाजारात एका ओळखीच्या बाईनं यजमानांना बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, बायकोच्या दोन्ही हाताले पट्ट्या? मारून राह्यला काय?" यजमान घरी येईपर्यंत रागानं लाल. मला मात्र रस्ताभर हसू आवरत नव्हतं.

हेडफोन पहिल्यांदा बाईंनी माझ्या कानावर ठेवले ते आमच्याच अंगणात. माईक त्यांनी गोठ्याकडे केला होता. आधी मला वाटलं, माझ्या डोक्यातच कोणीतरी कडबा चावतंय. गाय होती ती. तिचा श्वास, शेपटीचा फटका, माशी. आणि मग सासूबाई. त्या गोठ्यात शेण काढत होत्या आणि गायीशी बोलत होत्या, अगदी हळू, आपल्याला कोणी ऐकत नाही अशा समजुतीनं.

"तू बरी हाय वं माय. हाक देल्ली त हंबरते तरी. आमची सून पाय. भिंतीसंग बोललं त भिंत उत्तर देईन, पर हे नाई. आन आता मॅडम झाली. सकाळपासून चटईवर सेलं मांडून बसते, जसे तांदूळच निवडून राह्यली."

मी हेडफोन काढून बाईंकडे दिले. बाईंनी थोडं ऐकलं आणि पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडात कोंबली. तो आवाज त्यांनी पुसला नाही. पुढं कितीदा तरी, लांबच्या रस्त्यात जीपमध्ये, त्या तो लावायच्या आणि आम्ही दोघी हसायचो. यजमान पुढून म्हणायचे, "माह्या मायले हसता काय?" आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे.

रोवणीच्या दिवसांत एकदा धानाच्या बांधावर उभ्या होतो. पाऊस होता आणि रेनकोट एकच, म्हणून त्या दिवशी बाईंनी बॅग स्वतःच्या पोटाशी बांधून वरून तो घातला होता. चिखलातल्या बायकांनी वाकल्या वाकल्याच पाहिलं.

"बाई, कितवा महिना?"

"दहावा," बाई म्हणाल्या. "उतरतच नाही."

बायका रोपं हातात धरून चिखलात बसल्या हसत. एक म्हातारी म्हणाली, "आन ही संगची कोण? सुईण काय?" ते हसू सगळं त्या बॅगेत गेलं. बाई म्हणाल्या, दिवसभरातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच मिळाली.

राजुऱ्याकडं कोळशाच्या खाणीतला स्फोट ऐकायला गेलो तेव्हा लांब एका झाडाखाली चार तास बसून होतो. स्फोट झाला तो पोटात जाणवला, कानात नंतर आला. घरी येऊन बॅग झटकली तर गोधडीच्या कप्प्यांतून काळी पूड निघाली. मी सगळे कप्पे उसवून धुतले आणि पुन्हा शिवले. यजमान म्हणाले, "आपल्या पोरीच्या दप्तराले त इतका मान नाई." खरं होतं. पण लेकीचं दप्तर लेकीचं होतं. या बॅगेत काय कुठं आहे हे जगात एकटीला मला माहीत होतं. बाई बॅगेकडे न बघता नुसता हात मागे करायच्या आणि मी त्यात हवी ती वस्तू ठेवायचे. तोंडातून शब्द न काढता आमचं काम चालायचं. माझ्यावर विसंबून कोणी असा हात मागे केला होता तो त्याच दिवसांत. तीन वर्षं असं चाललं.

मग तो मे महिना.

माझी मोठी बहीण अहेरी तालुक्यात दिलेली. तिचं गाव जंगलाला लागून. मे महिन्यात तिथं सगळी घरं तेंदूपत्ता तोडायला जातात. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडून आणायची, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फडीवर न्यायचे. फडी म्हणजे पानं मोजून घ्यायचं मोकळं मैदान. तिथं पुडे ओळीनं मांडतात आणि मुन्शी हातात काठी घेऊन ओळीतून चालत मोजतो. त्या फडीचा मुन्शी म्हातारा होता. तो मोजायचा ते गाण्यासारखं. एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा, मग दोन, तीन, आणि शेकडा भरला की लांब हेल काढायचा. मागं बायकांची भांडणं, पानांची सळसळ. हंगाम संपला की तो काम सोडणार होता. बाईंना ते मोजणं हवं होतं, आणि आम्ही पोचलो तेव्हा हंगामाचा एकच दिवस उरला होता.

आदल्या दिवशी दुपारी वादळ आलं. वावटळ, मग टपोरा पाऊस. बॅग घेऊन मी शेताकडून पळत आले तरी तळाकडून ती भिजलीच. गावातली लाईट गेली. जीपचं टायर दगडानं फाटलं होतं, म्हणून यजमान दुसऱ्या दिवशी पहाटेच कोणाच्या तरी मोटारसायकलवर टायर घेऊन अहेरीला गेले. बाईंना ऊन लागलं होतं. बहिणीनं कैरीचं पन्हं दिलं, कांदा किसून तळपायाला लावला. आत खाटेवर पडून त्या म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत होते मी बरी. दोन बॅटऱ्या भरलेल्या आहेत ना? पुरे तेवढ्या."

पुरे होत्या. तिथंच थांबायला हवं होतं.

मी अंगणात बॅग उघडली. तळाचे तांदूळ भिजून फुगले होते, कप्पे ओलसर होते. ऊन असं होतं की मातीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. मग मी जे कोणत्याही ओल्या वस्तूचं करते तेच केलं. कोंबड्यांच्या खुराड्यावर पत्रा होता, त्यावर सगळं वाळत घातलं. वायरी, माईकची टोपी, बॅग. रेकॉर्डर तेवढा आत बाईंच्या उशाशी ठेवला, त्याला उन्हात न्यायची हिंमत झाली नाही. चारही बॅटऱ्या पुसून मी हातात घेऊन उभी होते.

बहीण पुडे बांधत बसली होती. म्हणाली, "थे सेलं बी ठेव ना उनात. लाईट नाई त कायले रडते? बाबा ठेवत होते, भुलली काय?"

भुलले नव्हते. बाबा रात्री रानडुकरांपासून धान राखायला जायचे. हातातल्या टॉर्चचा उजेड पिवळा पडला की सकाळी आई त्यातले सेल काढून सुपात मांडायची आणि सूप कौलांवर चढवायची. दुपारभर तापले की त्या रात्री उजेड पुन्हा पांढरा पडायचा. मी लहानपणी हे कितीदा पाहिलं. सेल म्हणजे ऊन खाऊन जगणारी वस्तू, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की शंका यायला जागाच नव्हती. मला वाटलं, संपलेल्या दोघींत थोडा जीव येईल आणि भरलेल्यांची ओल जाईल. बाई उठल्यावर चारही हातात देईन. मी चारही पत्र्यावर ओळीनं मांडल्या. एवढंच नाही, तासाभरानं जाऊन पापड उलटतात तशा उलटल्या.

दुसऱ्यांदा उलटायला गेले तेव्हा हातात घेतलेली बॅटरी चपटी नव्हती. मधे फुगली होती, भाकरीला पोट येतं तशी. दुसरी तशीच. तिसरीची शिवण उकलली होती आणि गोडसर, औषधासारखा वास येत होता. चौथी तेवढी वाळत घातलेल्या बॅगेच्या सावलीत सरकून राहिली होती, ती बरी होती.

मी बाईंना हाक मारली नाही. नुसती दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि उठून बाहेर आल्या. पत्र्याकडे पाहिल्याबरोबर ओरडल्या, "हात लावू नको!" माझे पंजे उलटसुलट करून पाहिले. मग चिमट्यानं एकेक उचलून घरामागच्या वाळूत पुरून टाकली. परत येऊन विचारलं, "ही उरलेली कोणती? उजवी का डावी?"

मला सांगता येईना. उजवा कप्पा, डावा कप्पा मीच शिवलेले, आणि पत्र्यावर मांडताना मीच सगळ्या एक करून टाकल्या होत्या.

ती डावी निघाली. संध्याकाळी फडीवर बाईंनी ती रेकॉर्डरला लावली तेव्हा काचेवर शेवटची एक रेघ होती. मुन्शी काठी घेऊन ओळीत शिरला. लाभ म्हणाला. मी माईकची दांडी धरून उभी होते आणि माझं सगळं लक्ष त्या रेघेवर. माझ्या बहिणीची ओळ मोजून झाली, शेजारणीची झाली, आणि काच काळी पडली. मुन्शीच्या अजून कितीतरी ओळी बाकी होत्या. बाईंनी हेडफोन काढून गळ्यात अडकवले आणि तशाच उभ्या राहून शेवटचा शेकडा होईपर्यंत साध्या कानांनी ऐकलं. मीही ऐकलं. म्हातारा त्या दिवशी फार चांगलं मोजत होता.

बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मी चटई टाकली, तर त्या म्हणाल्या, "राहू दे, मी भरते." आणि त्यांनी बॅग स्वतः भरली. वायर कोंबली, टोपी न विंचरता ठेवली. मी बाजूला बसून पाहिलं.

पावसाळ्यानंतर त्या पुन्हा आल्या. मला कामावरून काढलं नाही, रोजही कापला नाही. बॅग मीच उचलायचे. पण नव्या बॅटऱ्या त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये असायच्या, चेन लावलेल्या. बदलायची वेळ आली की त्या स्वतः काढायच्या, स्वतः लावायच्या. हात मागे करायची सवय त्यांनी सोडली होती. माझे दोन्ही कप्पे रिकामे. चालताना ते सैल कापड आत लटकलेलं मला दिसायचं.

यजमानांना मी म्हटलं, पैसे भरून द्यायचे. ते म्हणाले, "बाई मोठ्या मनाच्या हायत, इसरल्या. तू काऊन उकरून राह्यली?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "थ्या मोठ्या मनाच्या हायत म्हून हिनं लहान होऊन राहाव काय? फेडू दे तिले."

लग्नानंतर त्यांनी माझी बाजू घेतलेली ती पहिली वेळ. मी पिठाच्या हातानं तशीच उभी राहिले.

लेकीनं मोबाईलवर तसल्याच बॅटरीचं चित्र शोधून किंमत सांगितली. एकीचे अठ्ठावीसशे. तिघींचे चौऱ्याऐंशीशे. बाईंना किंमत विचारली असती तर त्यांनी कमी सांगितली असती.

पहिले हजार जमले ते हातात द्यायचा धीर होईना. म्हणून नोटा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उजव्या कप्प्यात ठेवून दिल्या. त्या दिवशी एका बांबू कामगाराच्या अंगणात काम होतं. बाई हेडफोन लावून उभ्या, एकदम कपाळाला आठी. "हा चुरचुर आवाज कसला? थांबा, थांबा भाऊ." त्यांनी वायरी हलवल्या, माईक तपासला. मग बॅगेत हात घातला आणि पिशवी बाहेर काढली. बांबूवाला म्हातारा म्हणाला, "मायबाई, ब्यागेतून पैसे निघून राह्यले! मले बी देजा एक अशी ब्याग."

"हे काय आहे?" बाईंनी मला विचारलं.

"बॅटऱ्यांचे."

"मी मागितले का तुला?"

"नाई."

"मग? तुला काढलं नाही, बोलले नाही, पैसे कापले नाहीत. आणखी काय करू?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. तुम्ही बोलला नाहीत तेच मला लागलं, असं म्हणायचं होतं. चूक माझ्या नावावर लागली असती तर ती मला पुसता आली असती. मी त्यांच्या पर्सच्या चेनकडे पाहत राहिले. त्यांनी पैसे माझ्या हातात कोंबले.

दुसऱ्या दिवशी मी तेच पैसे मऊ फडक्यात बांधून त्याच कप्प्यात ठेवले. संध्याकाळी बाईंच्या हाताला ते लागले. त्यांनी फडकं कानाशी नेऊन हलवून पाहिलं.

"आज वाजत नाही," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ते ठेवून घेतले.

हिवाळाभर मी गोधड्या शिवल्या. त्यातले दोन हजार तसेच फडक्यात बांधून दिले. मे लागला तशी बहिणीकडे गेले आणि तिच्याबरोबर बारा दिवस पानं तोडली. मला सवय नव्हती. बोटं काळी पडली, कमरेत उसण भरली, पहाटे अस्वलाच्या भीतीनं बायका एकमेकींना हाका मारायच्या तेव्हा मीही हाक द्यायला शिकले. बहीण म्हणाली, "तुह्या बाईले हा आवाज आयकव, थे पैसे माफ करीन." फडीवर नवा पोरगेला मुन्शी होता. तो वहीत बघून मनातल्या मनात मोजायचा. माझ्या ओळीपाशी उभी राहून मी त्याचे नुसते ओठ हलताना पाहायचे.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आत, बाई आमच्या घरी आल्या. पाणी प्यायल्या. मग स्वतःच चटई टाकली, बॅग तिच्यावर ठेवली, पर्सची चेन उघडली आणि चारही बॅटऱ्या काढून माझ्यापुढं मांडल्या.

"भर," त्या म्हणाल्या. "मला जमत नाही. गेल्या वेळी वायर घरी विसरले, त्याआधी सेल. वर्षभर मी काय आवाज भरले ते माझं मला माहीत. तुझ्या हातची बॅग हवी."

मला भरायची होती. हात पुढंसुद्धा गेला. पण मी तो मागं घेतला, आत गेले, आणि डब्यातून फडकं काढून आणलं. चोपन्नशे रुपये. तेवढेच राहिले होते.

"अगं, नंतर दे. ठेव तिकडे. आधी बॅग भर, उशीर होतोय."

"नाई," मी म्हटलं. "आधी हे."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "घेऊन टाका बाई. नाई त ही इथीच बसून राहीन, आन तुमचा दिवस जाईन."

बाई पैसे घेऊन तसेच पर्समध्ये टाकणार होत्या. मी म्हटलं, "मोजा." आजवर त्यांनी माझे पैसे माझ्यासमोर एकदाही मोजले नव्हते. त्या चटईवर माझ्यासमोर बसल्या, चष्मा लावला, अंगठ्याला थुंकी लावली आणि एकेक नोट मांडीवर ठेवत मोजल्या. काही नोटांना पानांचा काळा डाग होता, त्या त्यांनी पुसून सरळ केल्या. मध्ये यजमानांनी काही विचारलं तर हात वर करून त्यांना गप्प केलं. शेवटची नोट ठेवून त्यांनी गठ्ठा जुळवला आणि पर्समध्ये ठेवला.

"चोपन्नशे," त्या म्हणाल्या. "आधीचे तीन हजार. सगळे आले. आता तुझ्याकडे माझं काही राहिलं नाही."